वॉरटाची संकष्टी

"सुधीर! अरे सुधीर! फूल कुठंय माझं?"

ही हाक विजयाची. विजया माझी बायको, आणि जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल देणारी डॉक्टर. तिचा आवाज इतका शांत की निम्मे पेशंट तिच्या "गुड मॉर्निंग"लाच झोपायचे आणि सरकारचं औषध वाचायचं. अशी बाई मे महिन्यातल्या एका रविवारी भल्या सकाळी परसातून ओरडली, तेव्हा वेल्समधल्या आमच्या कार्डिफच्या गल्लीतले सगळे सीगल एकदम उडाले, समोरच्या घराचा बर्गलर अलार्म आपोआप वाजला, आणि खाडीतली भरती म्हणे जरा वेळ जागच्या जागी थांबली. भरतीचं मी स्वतः पाहिलेलं नाही. अलार्मचं मात्र खरं आहे.

अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून मी धावलो. नाईटगाऊनखाली रबरी वेलिंग्टन बूट चढवून विजया बागेच्या टोकाला उभी होती आणि एका झुडपाकडे बोट दाखवत होती. त्या झुडपाच्या शेंड्यावर आदल्या संध्याकाळपर्यंत एक लाल फूल होतं. आता नुसता दांडा होता. वरून तिरका, स्वच्छ कापलेला.

"खारीनं नेलं असेल," मी म्हणालो.

"खार कात्री वापरते?"

मी वाकून बघितलं. मी हाडांचा सर्जन. कापलेलं काहीही दिसलं की हात कोणाचा असेल याचा अंदाज आधी मनात येतो. "कट मात्र सुरेख आहे हं," मी बोलून गेलो. ते बोलायची ती वेळ नव्हती. ते फूल वॉरटाचं होतं, ऑस्ट्रेलियातलं. झाड लावल्यापासून सहा वर्षांत आलेलं पहिलं. आणि त्याच दुपारी आमची बाग पहिल्यांदाच लोकांना बघायला खुली होणार होती.

यंदाही मे आला आहे. मागच्या दाराशी ऑस्ट्रेलियन मिंट बुश जांभळ्या फुलांनी लगडलंय. जाता-येता त्याला बाही घासली की पुदिना आणि कापूर यांच्या मधला कुठला तरी वास दिवसभर अंगाला राहतो. बॉटलब्रशच्या टोकांवर लाल केसर डोकावू लागलेत. ट्री-फर्नची नवी पानं सोंडेसारखी गुंडाळलेली वर येतात आणि रोज वीतभर उलगडतात. (विजया म्हणते, बोटभर. आमच्या घरात माझ्या प्रत्येक आकड्याला दहानं भागायची पद्धत आहे.) पाऊस असतोच, पण मे महिन्यात तो जरा माणसात येतो, आणि दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की नीलगिरीच्या पानांतून जी वाफ निघते ती छातीत थेट कोकणापर्यंत जाते. त्या वाफेबरोबर मला तो उन्हाळा आठवतो, आणि आठवला की मी तो कोणाला तरी सांगतोच. ऐकणारा नसेल तर पोस्टमन असतो.

बाग खुली करायची इथली पद्धत मोठी गमतीची. इथला माणूस शेजाऱ्याला चहाला बोलवायला एरवी बारा वर्षं घेतो. पण उन्हाळ्यातल्या एका रविवारी तोच माणूस फाटक सताड उघडतो, कोपऱ्यावर पाटी लावतो, आणि सगळ्या गावाला आपलं परसदार बघायला बोलावतो. लोक धर्मादायासाठी तिकीट काढून येतात, हात पाठीमागे बांधून वाफ्यांमधून फिरतात, "सुंदर" असं म्हणतात, केक खातात आणि घरी जाऊन आपल्या गुलाबाला जरा जास्त खत घालतात. पण हे सगळं चालवणाऱ्या संस्थेच्या पुस्तिकेत कोणाचीही बाग उगाच छापली जात नाही. आधी मिसेस प्रिचर्ड येऊन बघून जातात.

मिसेस प्रिचर्ड आमच्या भागातल्या बागा निवडणाऱ्या. उंच, करड्या केसांच्या, पायात लेस बांधायचे भक्कम बूट. आदल्या शरदात त्या आल्या तेव्हा विजयानं त्यांना बागेतलं पान न् पान दाखवलं. शेवटी फाटकाशी म्हणाल्या, "इंटरेस्टिंग."

या देशात इतकी वर्षं काढल्यावर एवढं नक्की कळलंय की "इंटरेस्टिंग" हे निदान आहे, आणि ते वाईट आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. लोकांना गुलाब बघायचे असतात, डेल्फिनियमचे निळे तुरे बघायचे असतात. ऑस्ट्रेलियातली झाडं या चिकण मातीत आणि या पावसात दोन वर्षं दिसतात, तिसऱ्या वर्षी जातात. तरी एक रविवार देऊन बघू. नंतर ठरवू.

"वॉरटा फुलेल," विजया म्हणाली.

"या हवेत?"

"फुलेल."

पुस्तिकेत आमच्या बागेच्या माहितीत तिनं ते छापूनही घेतलं: वॉरटा फुलावर असेल. मी म्हटलं, अगं, एवढं ठाम कशाला, "बहुधा" घाल. तर म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मी पेशंटला 'बहुधा जागे व्हाल' असं सांगत होते का?"

हा तिचा हट्ट कुठून आला ते सांगायला हवं. माझे पेशंट मला सुपरमार्केटात मिठी मारतात. "डॉक्टर, हा बघा गुडघा," म्हणून भाजीच्या शेल्फजवळ उठाबशा काढून दाखवतात. एकानं मला मेंढी देऊ केली होती. पण त्याच पेशंटला सगळा वेळ जिवंत ठेवणाऱ्या विजयाला कोणी ओळखत नाही. तिच्याकडे बघता बघता ते झोपलेले असतात, आणि उठतात तेव्हा शेजारी मी उभा असतो, हसत. तिचं काम आजवर कोणी जागेपणी पाहिलेलंच नाही. ती कधी तक्रार करत नाही. पण निवृत्त झाल्यावर तिनं असं काही उभं केलं, जे लोकांनी उघड्या डोळ्यांनी बघावं.

आणि ऑस्ट्रेलियाच का? तिचे वडील आप्पा फॉरेस्ट खात्यात होते, रत्नागिरीकडे. विजया वाढली ती किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात. वारा सुटला की सुरू जो आवाज करतो, समुद्रासारखा आणि तरी समुद्राहून बारीक, तो ऐकत ती झोपायची. क्वार्टर्सच्या रस्त्याला दोन्हीकडे सिल्व्हर ओक. सर्दी झाली की नीलगिरीचा पाला उकळून वाफारा. शाळेच्या फाटकात बॉटलब्रश, त्याचे केसर वर्गात एकमेकींच्या कानात घालायचे. हे तिचं माहेर.

मग आम्ही कार्डिफला आलो. एकदा एका मोठ्या बागेच्या काचघरात ती सुरूसमोर थबकली. खाली पाटी होती: मूळ ऑस्ट्रेलिया. पुढे सिल्व्हर ओक: ऑस्ट्रेलिया. बॉटलब्रश: ऑस्ट्रेलिया. नीलगिरीचं तर नावच आपण आपल्या डोंगराचं ठेवलंय, तीही तिकडचीच. विजया बाकावर बसली. मला वाटलं हिला चक्कर आली. म्हणाली, "सुधीर, माझं अख्खं गाव तिकडून आलेलं आहे रे."

इथली माणसं मला अजून विचारतात, मूळचे कुठले तुम्ही? मी रोज वेगळं सांगतो. कधी पेरू देश, कधी इथलंच शेजारचं स्वान्सी. विजयानं मात्र या प्रश्नाचं उत्तर म्हणून बाग लावली.

ती कशी लावली याचा साक्षीदार मी आहे, आणि हमालही. इथली माती म्हणजे कुंभाराला द्यावी अशी. पाणी धरून बसते. म्हणून विजयानं मातीच्या वर उंचवटे करायचे ठरवले, वाळू आणि बारीक खडीचे. ती खडी मी वाहिली. इतकी वाहिली की शेजारच्या काउंटीतली एक टेकडी बुटकी झाली, आणि त्यांच्या कौन्सिलला नकाशे पुन्हा छापावे लागले. माझ्या पाठीचा एक्स-रे अजून विद्यार्थ्यांना दाखवतात. विजया हिवाळ्यात झाडांवर गोणपाट बांधायची, ती सकाळी सोडायची, सुरूची कुंडी ढकलत काचेच्या खोलीत न्यायची. पहाटे दव गोठलंय की नाही हे बघायला ती खिडकीशी अशी उभी असायची की जणू आयसीयूतला मॉनिटर वाचतेय.

सगळ्यात अवघड गेलं ते खत न घालणं. वॉरटाच्या जातीच्या झाडांना आपलं नेहमीचं सकस खत चालत नाही. पोटभर खायला घातलं की ती मरतात. मराठी घरात हे कसं सोसायचं? आपल्याकडे पाहुण्याला तिसरी पोळी वाढली नाही तर यजमानाला झोप लागत नाही. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातली माणसं यायची ती शेणखताची पिशवी, ताकाचं पाणी, चहाचा चोथा असं काहीबाही प्रेमानं घेऊन, आणि विजया वॉरटासमोर हात पसरून उभी राहायची. "नको म्हणते ना! उपाशीच बरं आहे ते!"

आणि त्या एप्रिलात शेंड्यावर कळी धरली. आधी हिरवी, सुपारीएवढी. मग कडेनं लाली चढली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती उघडली. काय सांगू! पहिलवानाच्या मुठीएवढं फूल. शेकडो बारीक लाल आकडे एकमेकांत गुंतून घुमट झालेला, आणि खाली लाल पाकळ्यांची बैठक. रंग असा की विमानं त्यावरून धावपट्टी ओळखायची. विजया रोज सकाळी त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन नुसती उभी राहायची. मी लांबून बघायचो. फुलाकडे नाही, तिच्याकडे.

तर अशा त्या फुलाचा नुसता दांडा उरला होता. साबण पुसत मी विजयामागोमाग किचनमध्ये शिरलो, आणि आम्ही दोघं एकदमच थांबलो.

वाईहून माझी इंदूमावशी आमच्याकडे उन्हाळ्यापुरती आली होती. वय ऐंशीच्या पुढे, इरकली लुगडं, पायात इराने घेऊन दिलेले जाड लोकरी मोजे. इरा आमची मुलगी. मावशी येताना हँडबॅगेतून आपले देव घेऊन आली होती आणि मायक्रोवेव्हशेजारच्या शेल्फवर त्यांची तिनं स्थापना केली होती. त्यातला गणपती अंगठ्याएवढा. त्या सकाळी गणपती दिसत नव्हता. त्याच्या जागी वॉरटा होता. समई तेवत होती, उदबत्ती लागली होती, आणि मावशी अथर्वशीर्ष संपवून हात जोडत होती.

"मावशी," विजया म्हणाली. आवाज पुन्हा भूल देण्याचा झाला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "हे फूल तुम्ही काढलंत?"

"हो गं. आज संकष्टी. त्याला तांबडं फूल नको? तुमच्या दुकानातली फुलं म्हणजे वास नाही, जीव नाही. दोन महिने बिचारा गप्प बसून घेतोय. आणि परसात बघते तर हे! म्हटलं, पोरीनं देवासाठीच वाढवलंय."

"सहा वर्षं वाट बघितली मी त्याची."

"तेच म्हणते. आलं बघ अगदी वेळेवर."

सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन निघणारी आणि कुंपणाबाहेर आलेलं प्रत्येक फूल देवाच्या मालकीचं मानणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मावशी त्यांची सेनापती. वाईत ती रस्त्यानं निघाली की जास्वंदी अंग चोरतात. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पुढे झालो.

"विजू, तू बाजूला हो. ही केस माझी आहे. बारीक तार, आइस्क्रीमच्या काडीचा स्प्लिंट, वर हिरवी टेप. दोन ते पाच आरामात उभं राहील. याहून वाईट मांड्या मी चालत्या केल्यात."

"गेलेल्या पेशंटला खुर्चीत बसवून नातेवाइकांना भेटवायचं?"

"फक्त तीन तास!"

"हात लावशील तर बघ," मावशी म्हणाली. "वाहिलेलं फूल परत घेतात होय?"

विजया खुर्चीवर बसली. तिनं हळूहळू मावशीला सगळं सांगितलं. की आज लोक येणार आहेत. की हे फूल बघायलाच येणार आहेत. की मिसेस प्रिचर्ड येणार आहेत, आणि त्यांना दांडा दिसेल, आणि पुढच्या वर्षीपासून बाग बंद. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येऊ देत की. देव काय पळून चाललाय?"

किटली उकळून बंद पडली. विजया त्या फुलाकडे बघत होती, आणि मी तिचा चेहरा बघत होतो. ऑपरेशनच्या मध्येच काही बिघडलं की तिचा व्हायचा तसा, एकदम स्वच्छ. ती उठली, कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडला, त्यावर जाड पेनानं इंग्रजीत लिहिलं आणि ती पाटी त्या कापलेल्या दांड्याला बांधून आली. वॉरटा स्वयंपाकघरात आहे. कृपया बूट बाहेर काढावेत.

दुपारी दोनला फाटक उघडलं. आणि काय गर्दी! शेजारच्या न्यूपोर्ट शहरापर्यंत रांग. बरं, दहानं भागा, तरी कोपऱ्यापर्यंत होती. केंब्रिजहून आलेली इरा चहाच्या टेबलावर. लेमन केक, स्कोन आणि मावशीच्या हातचे साबुदाणा वडे. वडे पहिल्या तासात संपले, मावशीनं आणखी तळले, तेही संपले. मंडळातल्या बायका पर्समध्ये ओला रुमाल आणि प्लॅस्टिकची पिशवी लपवूनच आल्या होत्या. "विजया, एक एवढीशी फांदी नेऊ का गं?" त्यांना विजया गोड हसून म्हणाली, "हात लावाल तर इथेच भूल देईन."

मी लोकांना बॉटलब्रशपाशी गाठून काही माहिती देत होतो. कांगारू हेच दात घासायला वापरतात, वगैरे. दोघांनी लिहून घेतलं. विजया सुरूच्या कुंडीपाशी उभी होती. एका म्हाताऱ्या वेल्श गृहस्थांनी तिला विचारलं, "तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या का?"

"नाही," ती म्हणाली. "झाडं माझ्या गावची आहेत."

त्यांनी सुरूच्या सुयांना कान लावला. तिनं लावायला सांगितला होता.

आणि किचनच्या दाराशी बुटांचे ढीग. काय काय मोजे पाहिले मी त्या दिवशी! रग्बीचे, नाताळचे, अंगठ्याला भोक पडलेले. गंभीर चेहऱ्याची गोरी माणसं एकामागून एक आत जायची. मावशी शेल्फशेजारी खुर्ची टाकून बसलेली, आणि प्रत्येकाशी वाईच्या मराठीत बोलत होती.

"या, या. दार लोटा जरा, समई विझेल. उपासाचं चालतं ना तुम्हाला?"

सगळ्यांना सगळं कळत होतं. मग ती एका बोटानं फुलाचा घुमट किंचित बाजूला करायची आणि मागचा गणपती दाखवायची. "हा बघा. आहे इथेच."

एका बाईंनी इराला विचारलं, हे झाड इथे कसं फुलवलं? इरानं भाषांतर केलं, "आजी, ती विचारते, हे फूल इथे कसा आला?"

मावशीनं विजयाकडे बोट दाखवलं. "हिनं आणलंन. मी नुसतं तोडलं."

साडेचारच्या सुमाराला मिसेस प्रिचर्ड आल्या. सरळ वॉरटापाशी गेल्या. दांडा बघितला, पाटी वाचली.

"कोणी कापलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या, एकीत गरुड होता. पण विजया म्हणाली, "आमच्या मावशींनी. देवासाठी. त्यांना माहीत नव्हतं."

बाई किचनच्या पायरीवर बसल्या आणि बुटांच्या लेस सोडू लागल्या. त्याला इतका वेळ लागला की मध्ये एक सर येऊन गेली. आत गेल्या. फुलापुढे गुडघ्यात वाकल्या, चष्मा वर केला, खालच्या पाकळ्या बघितल्या, कापलेला देठ बघितला. मावशीनं गणपती दाखवला, तोही बघितला. हातावर वडा ठेवला, तो खाल्ला. पुन्हा बूट बांधले आणि बागेत गेल्या. यावेळी एकट्या. प्रत्येक उंचवट्यापाशी थांबत होत्या. एका ठिकाणी बसून त्यांनी खडी मुठीत घेतली, पाणी कुठून निचरतंय ते बघितलं, मिंट बुशची फांदी उचलून आतलं जुनं लाकूड तपासलं. विजया हातात ग्लोव्ह घेऊन दूर उभी होती. चहा तिनं तसाच गार होऊ दिला.

पाच वाजले. मिसेस प्रिचर्ड फाटकाशी आल्या. आता मात्र मला राहवेना. मी म्हणालो, मॅडम, ही युरोपातली एकमेव बाग आहे जिथे झाडं उपाशी ठेवून देव जेवतो. मी म्हणालो, या बाईनं कार्डिफच्या चिखलातून समुद्रकिनारा काढलाय. ऑस्ट्रेलियन सरकारनं येऊन झाडं परत मागितली तरी आम्ही देणार नाही, असंही म्हणालो. आणखी बरंच म्हणालो. विजयानं माझी बाही ओढली, मी थांबलो नाही, ती पुन्हा ओढू लागली तेव्हा थांबलो.

"मग?" मी विचारलं. "कशी वाटली?"

मिसेस प्रिचर्ड यांनी दोन्ही बाजूंना रस्ता बघितला.

"पुढच्या वर्षी तुम्हाला पार्किंगचं काहीतरी करावं लागेल," त्या म्हणाल्या.